शेजाऱ्याचं गाणं आपल्या गळ्यात कसं उतरवायचं

बडोद्याच्या सोसायट्यांमध्ये गणपतीत कॉमन प्लॉटमध्ये मराठी आरत्या होतात आणि महिनाभरातच तिथेच गरबा रंगतो. मराठी घरातली मुलं उत्तम गरबा खेळतात, गुजराती शेजारी आरतीला टाळ्या धरतात. पण त्या गरब्यात नेमकं काय म्हटलंय, हे विचारलं तर खेळणारे गडबडतात, आणि आरतीचंही तेच. ठेका पायांत भिनलेला असतो, शब्द मात्र कानावरून जातात. अशी पन्नास वर्षं शेजारी राहूनही निघून जातात.

गाण्यातून ओळख वाढवायची असेल तर पहिलं काम म्हणजे 'प्रत्येकाने आपापल्या भाषेतलं एक गाणं सादर करावं' हा नेहमीचा कार्यक्रम बाजूला ठेवणं. त्यात जो तो आपल्या गाण्याची तयारी करतो, आपला नंबर झाला की मोबाईल काढतो, आणि बाकीचे टाळ्या वाजवून घरी जातात. नियम उलटा करावा: स्वतःच्या भाषेतलं गाणं कुणीच गायचं नाही, ते शेजाऱ्याला शिकवायचं. मराठी काकूंनी गुजराती गाणं म्हणायचं, गुजराती बेनने मराठी. शिकवताना आपलंच गाणं आपल्याला किती कमी माहीत आहे हे कळतं आणि शिकताना विचारावंच लागतं. समज वाढते ती या विचारण्यातून. पुढची सगळी कृती याच एका नियमावर उभी आहे.

तारीख आणि माणसं

कार्यक्रमासाठी कोजागिरीसारखा दिवस नाही. आपल्याकडे आटवलेलं मसाला दूध, गुजराती घरांत शरद पूनमचे दूध-पौंआ आणि गरबा. दोघांचा सण एकच, त्यामुळे कुणी कुणाच्या सणाला पाहुणं जात नाही. गणेश चतुर्थीपासून कोजागिरीपर्यंत साधारण सहा आठवडे मिळतात. पितृपक्षात काही घरं नवं काम हाती घेत नाहीत, म्हणून पहिली बैठक गणपतीतच घ्यावी. नवरात्राचे नऊ दिवस कुणी सापडणार नाही हे धरूनच चालावं. सगळं वजा जाता रविवारच्या चार बैठका होतात, प्रत्येकी दीड तासाची. तेवढ्यात चार गाणी नीट बसतात. सहा घेतलीत तर सहाही कच्ची राहतील.

गट बारा ते वीस जणांचा असावा. बाराच्या खाली गेलं तर दोघं आजारी पडली की समूहगान बंद, आणि विसाच्या वर गेलं की मागच्या रांगेत गप्पा. भाषा किमान तीन हव्यात. दोनच असल्या की नकळत सामना सुरू होतो. बडोद्यात तिसरी भाषा शोधायला लांब जावं लागत नाही. रिफायनरी, खतांचा कारखाना आणि युनिव्हर्सिटी यांच्यामुळे मल्याळी, बंगाली, तमिळ, पंजाबी, सिंधी घरं बहुतेक वस्त्यांत आहेत. फतेहगंजच्या बाजूला ईशान्येकडचे आणि परदेशी विद्यार्थीही भेटतात.

गाणं निवडताना

सर्वांत जास्त वेळ इथे द्या, कारण बहुतेक बैठका इथेच फसतात. मोकळं सोडलं की दहा मिनिटांत सगळे हिंदी चित्रपटगीतांवर येतात. ती सगळ्यांना येतात, म्हणूनच त्यांतून नवीन काही कळत नाही. हिंदी गाणं दार उघडण्यापुरतं वापरावं. त्याचे तीन मार्ग चांगले चालतात.

पहिला, ओळखीच्या आवाजाचा. लता मंगेशकर, आशा भोसले, मोहम्मद रफी आणि मन्ना डे यांनी मराठीत गायलं तसं गुजरातीतही गायलं. रफींचं एखादं हिंदी गाणं ऐकवून लगेच त्यांचंच गुजराती आणि मग मराठी गाणं लावा. आवाज ओळखीचा असला की परक्या भाषेची धास्ती निम्मी होते. गुजराती सुगम संगीत आणि चित्रपटगीतांसाठी अविनाश व्यास यांच्या चालींपासून सुरुवात करावी. त्या गळ्याला सोप्या आहेत आणि गुजराती घरांत तीन पिढ्यांना पाठ असतात.

दुसरा मार्ग संगीतकाराचा. सलील चौधरी मूळचे बंगाली. 1965 च्या 'चेम्मीन' या मल्याळी चित्रपटाचं संगीत त्यांचं, आणि त्यात मन्ना डे मल्याळममध्ये गायले आहेत. सलीलदा स्वतःचीच चाल बंगाली, हिंदी आणि मल्याळम अशा वेगवेगळ्या भाषांत पुन्हा वापरत. गटात बंगाली आणि मल्याळी दोन्ही घरं असतील तर त्यांना अशी एक चाल शोधायला सांगा. हिंदी रूप बाकीच्यांना माहीत असतंच, त्यामुळे तिन्ही भाषा एका सुरावर शेजारी बसतात.

तिसरा मार्ग गझलेचा, आणि तो फार कमी वापरला जातो. उर्दू, गुजराती आणि मराठी या तिन्हींत गझलेचा साचा एकच आहे: मतला (पहिला शेर), काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर तसाच पुन्हा येणारा शब्द). मराठीत सुरेश भट, गुजरातीत सुरतचे दाऊदी बोहरा कवी मरीझ. तिन्ही भाषांतला एकेक शेर घ्या आणि एकाच संथ चालीत बांधा. मुसलमान शेजाऱ्यांना गटात आणायचं तर हा रस्ता देवीच्या गाण्यापेक्षा कितीतरी मोकळा आहे.

देवाच्या गाण्यांबद्दल स्पष्ट बोलायलाच हवं. गरबा मुळात देवीचा, आपला गोंधळही देवीचा. ऐकायला बोलावणं वेगळं आणि गायला लावणं वेगळं. वेगळ्या धर्माच्या शेजाऱ्याला भक्तिगीत शिकवण्याआधी त्याला एकट्याला गाठून विचारा, गटासमोर नाही. गटासमोर माणूस 'हो' म्हणतो आणि पुढच्या रविवारी येत नाही. पाऊस, लग्न, समुद्र, शेतीची कामं, थट्टा यांवरची गाणी पहिल्या वर्षी सगळ्यांत सुरक्षित. गुजराती लग्नात सासरच्यांची टर उडवणारी फटाणां असतात, आपल्याकडे विहिणीला चिमटे काढणारी गाणी आहेत. ही जोडी समोरासमोर ठेवली की दोन्हीकडच्या आज्या स्वतःहून बोलू लागतात. एखाद्या जातीची, प्रांताची किंवा बोलीची नक्कल करून हसवणारं गाणं मात्र कितीही गाजलेलं असलं तरी नको.

गाण्याचा कागद

एका गाण्याला एक ए-फोर कागद, दोन अंतऱ्यांपेक्षा जास्त नाही. अक्षर 16 पॉइंटचं, नाहीतर ज्येष्ठ मंडळी कागद हातात घेऊन नुसती बसतात. प्रत्येक ओळीचे तीन थर: वर मूळ लिपी, मध्ये देवनागरी, खाली साधा अर्थ. मधला थर लिहिताना कानाला जसं ऐकू येतं तसं लिहा. बंगालीत 'अ' बऱ्याच ठिकाणी 'ओ'च्या जवळ जातो, तो तसाच लिहावा. मराठीत 'च' आणि 'ज' दोन प्रकारे उच्चारले जातात, पण लिपीत फरक दिसत नाही. गुजराती शेजाऱ्यासाठी 'चमचा'तल्या 'च'खाली रेघ मारून ठेवा, बाकीचे तो बरोबर म्हणेल. 'ळ' गुजरातीत आहेच. अडखळतात ते हिंदीभाषक, त्यांना तो आधी सुटा म्हणायला लावा. मल्याळमचे काही उच्चार देवनागरीत मावत नाहीत, तिथे कागद बाजूला ठेवून कानानेच शिकावं.

अर्थ मोबाईलच्या भाषांतरावर सोडू नका. गाण्यातली भाषा जुनी आणि वळणदार असते, ॲप शब्दाला शब्द देतं आणि मधली लकब हरवते. ज्याची भाषा आहे त्यानेच अर्थ तोंडी सांगावा आणि दुसऱ्या भाषेतल्या माणसाने तो लिहून घ्यावा. लिहिणारा अडतो तिथे विचारतो, आणि तीच जागा सगळ्यांना समजावून सांगण्यासारखी असते.

ज्यांना सरगम येते त्यांनी ओळीवर स्वर लिहावेत. शब्द न कळणाऱ्यालाही स्वर कळतात. बडोद्याला ही गोष्ट नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1886 साली इथे गायनशाळा निघाली, तिचे प्रमुख उस्ताद मौलाबक्ष यांनी स्वतःची स्वरलिपी तयार करून सामान्य विद्यार्थ्यांना गाणं शिकवलं. तीच शाळा पुढे वाढत आजच्या युनिव्हर्सिटीची फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स झाली. मौलाबक्षांचे नातू इनायत खान 1882 साली बडोद्यातच जन्मले आणि 1910 मध्ये वीणा घेऊन अमेरिकेला गेले. हिंदुस्थानी राग कधीच न ऐकलेल्या लोकांसमोर ते गात आणि त्यामागचा विचारही सांगत. आपल्या गटाला नेमकं हेच करायचंय, सोसायटीच्या पातळीवर.

सहा मात्रा: एका ठेक्यावर दोन देव्या

तालाचं काम सविस्तर करण्यासारखं आहे. शब्द न येणारा माणूसही यात पहिल्याच दिवशी सामील होतो.

मात्रा म्हणजे ताल मोजण्याचा एक ठोका. गरब्यात वाजणारा हींच हा दादरा तालाच्याच सहा मात्रांच्या कुळातला ठेका आहे. सगळे गरबे हींचमध्ये नसतात, बरेच केरव्यात, म्हणजे चार-चारच्या वजनाच्या तालातही आहेत. कुठला आहे हे असं ओळखा: गाणं लावून मनात 'एक-दोन-तीन, एक-दोन-तीन' मोजा. जोराचा ठोका दर वेळी 'एक'वर पडला तर सहाचा हिशोब. तो सरकत गेला तर 'एक-दोन-तीन-चार' मोजून पाहा, म्हणजे केरवा लागेल.

सहाचा ठेका मिळाला की सगळ्यांनी गोलात बसून आधी तोंडाने बोल म्हणायचे: धा धी ना, धा ती ना. मग पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी, बाकी चार मात्रा मांडीवर बोटांनी. सहा मात्रांची एक फेरी म्हणजे एक आवर्तन, अशी सोळा आवर्तनं न थांबता. मग ठेका तसाच चालू ठेवून गुजराती बेनने गरब्याची एक ओळ गावी. ती संपते तिथेच, ठेका न तोडता, मराठी काकूंनी गोंधळाची एक ओळ उचलावी. गोंधळात संबळाची चाल बऱ्याचदा याच तीन-तीनच्या वजनाची असते, त्यामुळे ओळ बरोबर जागेवर बसते. अंबाबाई आणि अंबामा एकाच ठेक्यावर येतात, हे सांगावं लागत नाही. सगळ्यांच्या हाताला ते आधीच कळलेलं असतं.

इथे दोन चुका हमखास होतात. भजनाची सवय असलेली मंडळी प्रत्येक मात्रेवर टाळी मारू लागतात आणि ठेका सपाट होतो. त्यांच्या हातात मंजिरा द्या आणि फक्त पहिल्या मात्रेवर वाजवायला सांगा. दुसरी चूक लयीची. गरबा संथ सुरू होऊन चढत जातो, ते सगळ्यांना माहीत असल्याने नवखे गट पहिल्याच ओळीला पळतात आणि तिसऱ्या ओळीला शब्द गिळले जातात. शब्द स्पष्ट बोलता येतील तीच लय धरा. ढोलक वाजवणाऱ्याला आधीच बजावून ठेवा की लय चढवायची ती शेवटच्या दोन फेऱ्यांत.

गाण्याची मांडणीही दोन्हीकडे सारखीच सापडते. एक जण ओळ गाते, बाकीच्या ती उचलतात. गुजरातीत याला झीलवुं म्हणतात, आणि पोवाड्यातला झीलकरी हेच काम करतो. म्हणून मुखडा शिकवताना पूर्ण गाणं पाठ करायला लावू नका. एकीने गववावं, म्हणजे ओळ गाऊन द्यावी, बाकीच्यांनी झीलावं. चार फेऱ्यांत मुखडा तोंडात बसतो.

नवरात्रातच आपला भोंडलाही असतो. मधे पाटावर हत्ती, भोवती फेर, शेवटी खिरापत ओळखणं. गरब्यात मधे दिवा असलेली मडकी, भोवती फेर. भोंडल्याची गाणी छोटी, गमतीची आणि सासर-माहेरच्या तक्रारींनी भरलेली असल्यामुळे गुजराती मुलींना ती चटकन आवडतात. एका संध्याकाळी आधी भोंडला आणि मग त्याच फेरात गरबा असं करता येतं. फक्त खिरापत ओळखण्याचा मान पाहुण्यांना द्यावा.

पट्टी

मूळ रेकॉर्डची पट्टी, म्हणजे गाणं ज्या उंचीच्या सुरात गायलं आहे ती, हौशी गळ्यांसाठी नसते. लताबाईंच्या गाण्याला बायकाही वर अडकतात आणि पुरुष मधेच खालच्या सप्तकात उडी मारतात. गाण्यातला सर्वांत वरचा सूर शोधा. गाणं न शिकलेल्या दोघींना तो बिनताणाचा लागतो का, ते पाहा. बहुतेक वेळा हार्मोनियमवर काळ्या-पांढऱ्या मिळून तीन ते चार पट्ट्या खाली यावं लागतं. कराओके वापरत असाल तर ॲपमध्ये उणे तीनपर्यंत ठीक, त्याखाली ट्रॅक रबरी ऐकू येतो. शिकताना यूट्यूबचा वेग 0.75 ठेवा. वेग कमी होतो पण सूर बदलत नाही. कार्यक्रमात मात्र कराओकेपेक्षा हार्मोनियम आणि ढोलक बरं. चुकलेल्यासाठी ट्रॅक थांबत नाही, वाजवणारा माणूस थांबतो.

तीन प्रश्न

प्रत्येक गाण्याला बैठकीत पंधरा मिनिटं बोलण्यासाठी राखून ठेवा. ज्याचं गाणं आहे त्याला तीनच प्रश्न विचारायचे: हे कधी गातात, कोण गातं, आणि कोण गात नाही. पहिल्या दोघांची उत्तरं सगळे सहज देतात. तिसऱ्यावर माणूस थांबून विचार करतो. लावणी आज टीव्हीवर घरोघर पोचली आहे, पण किती मराठी घरांत मुलींना ती म्हणायला मनाई होती आणि जिथून ती आली त्या कलावंत बायकांना गावाने कसं वागवलं, हे सांगितल्याशिवाय लावणी शिकवणं अपुरं आहे. ते अवघड वाटलं तरी टाळू नका. नुसत्या गोड गोष्टी सांगितल्या तर समोरचाही त्याच्याकडच्या नुसत्या गोड गोष्टी सांगेल.

सांगणाऱ्याला पाच मिनिटांवर थांबवायला एक जण नेमा. भाषण लांबलं की मुलं उठतात.

टिमली

बडोद्यातला सगळ्यांत दुर्लक्षित शेजारी म्हणजे छोटा उदेपूर, दाहोद, पंचमहालाकडून बांधकामावर, वॉचमनकीला आणि घरकामाला आलेला आदिवासी माणूस. त्याची टिमली यूट्यूबवर आणि लग्नाच्या मांडवात प्रचंड चालते. कीबोर्डवर शहनाईसारखा सूर, ढोलाचा जोरदार ठेका आणि रांगेत हात धरून नाच. सोसायटीतल्या तरुण मुलांना ती माहीत असते, पण ती कुठून आली हे माहीत नसतं. आपल्या गेटवर बसणाऱ्या माणसाला टिमली शिकवायला बोलवा. त्याच्या ड्यूटीची सोय आधी समितीशी बोलून करा, वेळेचे पैसे द्या आणि नाश्ता सगळ्यांबरोबर एकाच रांगेत बसून. त्याला गाऊन दाखवायला उभं करू नका. शिकवायला बसवा. रांगेचा पाय जमायला तासभर लागतो, आणि त्या तासात चुकणारे सगळे आपण असतो.

चाल त्यांची, शब्द आपले

तिसऱ्या बैठकीला हा प्रयोग करावा. मराठी संगीत नाटकांत पदं जुन्या चालींवर रचली जात आणि छापील पुस्तकात पदाच्या वर 'चाल' म्हणून मूळ गाण्याची ओळ देत. त्यांत हिंदी, गुजराती, कानडी चाली भरपूर होत्या. तसंच करायचं: शेजाऱ्याच्या गाण्याचा मुखडा घ्या आणि त्यावर आपल्या भाषेत चार ओळी लिहा, विषय सोसायटीतलाच. वर 'चाल' म्हणून मूळ ओळ लिहायला विसरू नका. शब्द बसवताना ऱ्हस्व-दीर्घ कुठे ताणले जातात हे कळतं आणि त्या भाषेचा श्वास हाताला लागतो. मूळ गाणं भक्तीचं असेल तर त्यावर विनोदी शब्द लिहू नयेत.

कोजागिरीची रात्र

चार गाणी, दोन भाषांतला एक फेर, एक टिमली. एकूण दीड तास, सुरुवात साडेसातला. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. सणांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, पण त्या यादीत कोजागिरी आहे का हे त्या वर्षी विचारूनच ठरवा. पंचवीस माणसांपर्यंत माईक लागतच नाही. जास्त असतील तर एक माईक गववणारीला, एक हार्मोनियमला. गोलात बसल्यावर स्पीकर गोलाच्या बाहेर आणि तोंड बाहेरच्या दिशेने ठेवावा. आत वळवला की माईक शिट्टी मारतो.

तिकीट लावू नका. रसिकांकडून पैसे न घेता हौशी मंडळाने केलेल्या सादरीकरणाला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. तिकीट आलं की परवान्याचा प्रश्न येतो. कार्यक्रमाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकणं ही आणखी वेगळी गोष्ट आहे, तिथे कराओके ट्रॅक असला तर व्हिडिओ अडवला जाऊ शकतो.

निवेदन कमीत कमी. प्रत्येक गाण्याआधी शिकणाऱ्याने दोन वाक्यं बोलावीत, शिकवणाऱ्याने नाही: गाणं कधी गातात, आणि आपल्याला कुठली ओळ सगळ्यांत अवघड गेली. शिकवणाऱ्याने शेजारी बसून नुसतं झीलावं.

नंतर

कागद फेकू नका. प्रत्येक गाण्याची एक फाइल करा आणि ज्या आजी-आजोबांनी गाणं सांगितलं त्यांच्या आवाजात ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. पंखा आणि फ्रिज बंद, मोबाईल तोंडापासून हातभर अंतरावर मऊ कापडावर, आधी नुसते शब्द आणि मग चालीत. त्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर पाठवू नका. फाइलच्या नावात भाषा, गाण्याची पहिली ओळ आणि साल घाला. पुढच्या गणपतीत नवीन राहायला आलेल्या घराला पहिल्या बैठकीत हीच फाइल ऐकवून सुरुवात करता येते.